तबकडीखालचा शेंदूर

बालीगंज, कलकत्ता
११ फेब्रुवारी १९७१

गुरुदत्त यांस,

पत्राच्या सुरुवातीला क्षेमकुशल विचारायचं असतं, पण तुमचं क्षेमकुशल मला दर रविवारी तुमच्या आईंकडून, सुहासिनीकाकूंकडून, कळतं. तिकडे बर्फ पडला, तुम्ही नवा ओव्हरकोट घेतलात, तिथल्या प्राध्यापकांनी घरी जेवायला बोलावून उकडलेला कोबी वाढला, हे सगळं मला माहीत आहे. माझ्या नावाने मात्र गेल्या जूनपासून एक ओळ नाही. त्याबद्दल मी विचारणार नाही. हे पत्र कामाचं आहे.

सान्याल सरांनी मला प्रबंधासाठी तुमचंच काम पुढे न्यायला सांगितलं. स्फटिकही तोच दिला, कथलात थोडं इंडियम मिसळून मी भट्टीत वाढवला होता तो, ज्याच्या जिवावर तुमचा आणि सरांचा निबंध छापून आला. मागच्या आठवड्यात हीलियम द्रव करायचं आपलं यंत्र एकदाचं चाललं. मी स्फटिक थंड केला आणि चुंबक फिरवत पूर्ण चक्कर घेतली. आलेखात विद्युतरोधाचा सुळका आला. अगदी सुरेख आला, फक्त तुम्ही छापलाय त्या जागी आला नाही. तो सात अंश अलीकडे आला, म्हणजे साध्या शुद्ध कथलात जिथे येतो तिथेच.

जेवताना माझं लक्ष नव्हतं म्हणून बाबांनी खोदून खोदून विचारलं. त्यांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, म्हणून मी त्यांना रस्त्यांच्या भाषेत सांगितलं. धातूतला इलेक्ट्रॉन चुंबकापुढे ठरलेल्या वाटेनेच फिरतो. काही वाटा बंद असतात, तिथे तो फिरून मूळ जागी येतो आणि धातूचा रोध थोडा वाढून थांबतो. काही वाटा उघड्या असतात, तिथे तो जातो तो जातोच आणि रोध वाढतच राहतो. सुळका दिसला की समजायचं, या दिशेला उघडी वाट आहे. गुरुदत्त यांनी छापलं की इंडियम मिसळल्यावर एक अगदी नवी वाट उघडते. बाबा म्हणाले, "आणि तुला जुनीच सापडली? म्हणजे नव्या रस्त्याचा नकाशा छापून मोकळे झाले आणि रस्ता जुनाच निघाला?" पुढे म्हणाले, कथलाचं काही अडलं तर गरियाहाटच्या कल्हईवाल्याला विचार. मी हसले नाही.

तुम्हाला एकच विचारायचं आहे. त्या दिवशी तुम्ही सुई लावून पाहिली होती का? मी प्रत्येक मोजमापाआधी चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये रेशमी दोऱ्याने सुई टांगायचे आणि तबकडीचा काटा तिच्याशी जुळवून मगच शून्य धरायचे. तुम्ही म्हणायचात, "चला, शिवणाचा तास सुरू झाला." तो शिवणाचा तास त्या दिवशी झाला होता की नाही, एवढंच कळवा.

शकुन

~

बालीगंज
३ एप्रिल १९७१

गुरुदत्त यांस,

तुमचं पत्र मिळालं. सुईबद्दल त्यात अक्षर नाही. तुम्ही लिहिता, "स्फटिक बसवताना तुझ्याकडून किंचित कलला असेल. तू दमली असशील, पुन्हा शांतपणे बघ." पुन्हा बघितलं. स्फटिक उतरवून क्ष-किरणांनी त्याची दिशा तपासली, परत बसवला, परत चक्कर घेतली. सुळका जागचा हलला नाही. मी दमलेली नाही, गुरुदत्त. मी रागावलेली आहे.

मग मी चुंबकाच्या बैठकीवरची अंशांची तबकडी खोलली. फेब्रुवारीत सुई लावली तेव्हाच काटा सात अंश सरकवावा लागला होता, पण कुणाचा धक्का लागला असेल म्हणून मी तेव्हा मनावर घेतलं नाही. तबकडी उचलली तर खाली फिरत्या दांड्याच्या खांद्यावर शेंदराचा टिळा. सुकलेला, पण ठसठशीत. तबकडी जागेवर असताना तिथे कुणाचं बोट पोचणं शक्य नाही.

वर्कशॉपमधल्या निताईदांना बोलावून दाखवला. ते खूश झाले. "विश्वकर्मा पूजोय सब खुले धुयेछिलाम, दिदिमणि. जेटा घोरे, ताते सिंदूर दिते हय." पूजेला सगळं खोलून धुतलं होतं, आणि जे फिरतं त्याला शेंदूर लावायचाच असतो. पितळी तबकडी त्यांनी चिंच लावून लख्ख घासली होती आणि संध्याकाळी परत बसवली होती, सात अंश सरकून. त्यात त्यांचं काय चुकलं? सगळं कलकत्ता त्या दिवशी हेच करतं. पूजेनंतर यंत्र पुन्हा जुळवून घेणं हे आपलं काम होतं. आणि ही पूजा कोणत्या सालची, याचाही घोळ नाही. सत्तर साली त्या दिवसांत बाँबच्या धास्तीने संस्था बंदच होती. म्हणजे ती एकोणसत्तरची. तुम्ही मोजमाप घेतलंत ते तिच्या दुसऱ्या दिवशी, आणि त्यानंतर माझ्यापर्यंत त्या चुंबकाला कुणी हात लावला नव्हता.

तो दुसरा दिवस तुम्हाला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. तुमच्या घरी गौरी यायच्या होत्या. काकू म्हणाल्या, होणारी सून गावात असताना मी एकटीने गौरी आणू का? मी तुम्हाला म्हटलं, हीलियम आजच मिळतंय, मला प्रयोगशाळेत असायला हवं. तुम्ही म्हणालात, "जा गं. एक दिवस मी सांभाळतो. आईचं मन मोडू नकोस." म्हणून मी तुमच्या दारापासून देवापर्यंत रांगोळीने गौरीची पावलं काढत बसले आणि तुम्ही सुई न लावता चुंबक फिरवत बसलात. बरं, पूर्ण चक्कर घेतली असती तरी शून्याच्या दोन्ही बाजू जुळत नाहीत हे आलेखात दिसलं असतं. पण हीलियम संपत आलं होतं, विमानाचं तिकीट खिशात होतं, म्हणून अर्ध्यावरच आटोपलंत. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसा आता माझा स्फटिक वाकडा.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला तुमच्याकडून तीन ओळी हव्या आहेत, एक प्रत सरांना आणि एक त्या नियतकालिकाला. मोजमापाआधी शून्य तपासला नव्हता, सुळका सात अंश अलीकडे धरावा, नवी वाट नाही. माणसाच्या हातून असं होतं. माझ्याही होईल. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, असं मी अजून तरी मानते.

शकुन

~

बालीगंज
२२ ऑगस्ट १९७१

गुरुदत्त यांस,

उत्तर नाही. समजा पत्र टपालात हरवलं, म्हणून पुन्हा लिहिते.

मी सरांना सगळं दाखवलं. आलेख, तबकडी, टिळासुद्धा. सरांनी चष्मा पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "शकुन, तुमि बुद्धिमती मेये, हुशार मुलगी आहेस. पण मला सांग, जो निबंध चुकीचा आहे म्हणून तू लिहितेस, त्यावर माझं नाव आहे. माझ्याच विद्यार्थिनीच्या प्रबंधावर मी सही करायची आणि त्यात मीच चूक? गुरुदत्तने आधी स्वतः लिहू दे. मोजमाप त्याचं होतं. त्याने लिहिलं की मी आनंदाने सही करीन."

म्हणजे माझी पदवी आता तुमच्या पेनात अडकली आहे. माझी शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपते. बराकपूरच्या मुलींच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाची जागा निघणार आहे, पण ती प्रबंध पूर्ण असेल तरच मिळेल. जाण्यायेण्यात जीव जाईल, पण तिथे नवी प्रयोगशाळा होतेय आणि ती लावून द्यायला त्यांना माणूस हवं आहे. मला ती जागा हवी आहे. इतक्या स्पष्टपणे मी आजवर कुणाकडे काही मागितलेलं नाही, तुमच्याकडेही नाही.

उठता उठता मी सरांना आणखी एक विचारलं. स्फटिक माझा, दिशा मी ठरवलेली, मग निबंधावर माझं नाव का नव्हतं? आभारातसुद्धा नव्हतं. सर जरा ओशाळले. म्हणाले, "मी लिहिणार होतो गं. गुरुदत्तच म्हणाला, ती आता घरचीच होणार आहे. एका घरातली दोन नावं बरी दिसत नाहीत. मला वाटलं, तुमचं आपसात ठरलं असेल."

आपलं आपसात काय ठरलं होतं ते मला आठवतंय. हे ठरलं नव्हतं.

आणि परवाच्या रविवारी काकू आल्या. बराच वेळ पापडांविषयी बोलत राहिल्या. मग पदर सारखा करत म्हणाल्या, "तुला बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगते. गुरुदत्तचं पुण्याला ठरलंय. मंदाकिनी नाव आहे. तिचे मामा तिकडेच असतात, त्यांच्या ओळखीने." मी अभिनंदन म्हटलं. चहा केला. त्या गेल्यावर रडले, खोटं कशाला बोलू? पण मला स्वतःचीच गंमत वाटली. तुम्ही दुसरीशी लग्न करताय याचं जेवढं रडू आलं त्याहून जास्त सरांनी सांगितलेल्या त्या 'घरचीच' या शब्दाचं आलं. घरची म्हणून माझं नाव काढलंत. आता घरची नाही, तर नाव परत कुठे मिळतं तेवढं सांगा.

लग्न करा, सुखी व्हा. फक्त त्याआधी त्या तीन ओळी लिहा.

शकुन

~

बालीगंज
९ डिसेंबर १९७१

गुरुदत्त यांस,

इथे युद्ध सुरू झालंय, तुम्ही वाचलं असेल. खिडक्यांच्या काचांना काळा कागद लावलाय. सायरन झाला की बाबा सगळ्यांना जिन्याखाली बसवतात आणि शेजारच्या मुलांना जेसोर, खुलना कुठे आहे ते तोंडी विचारतात. भट्टी चालवायची सोय नाही. वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि वीज गेली की अर्धा वाढलेला स्फटिक फुकट जातो. म्हणून मी प्रबंध लिहून काढलाय. सहीची जागा तेवढी कोरी आहे.

काकू आल्या होत्या. या वेळी पापड नव्हते. सरळ माझा हात हातात घेतला.

"शकुन, तू समजूतदार आहेस. त्याची नोकरी अजून कायम झाली नाही गं तिकडे. त्या निबंधावरच तर मिळालीय. चुकलो म्हणून लिहिलं तर ते लोक ठेवतील का त्याला?"

"काकू, माझी नोकरी तर सुरूसुद्धा झाली नाही."

"तुझं काय, तू बाबांजवळ आहेस. त्याचं आता लग्न होतंय."

मी हात सोडवून घेतला. काकूंवर मी रागावू शकत नाही. त्यांनी त्या गौरीच्या दिवशी मला पहिला घास भरवला होता. पण त्यांच्या तोंडून बोलत होतात तुम्ही, एवढं न कळण्याइतकी मी खुळी नाही. मला लिहायला वेळ नाही आणि आईला पढवायला वेळ आहे.

तुम्ही भित्रे आहात, गुरुदत्त. हे लिहायला मला फार दिवस लागले, कारण मला ते खरं वाटायला नको होतं. सात अंशांची चूक कुणाच्याही हातून झाली असती. पण इतके महिने कानांवर हात ठेवून बसणं हे चुकून होत नाही.

तरीही मी वाट पाहते आहे. मार्चपर्यंत.

शकुन

~

बालीगंज
१९ मे १९७२

गुरुदत्त यांस,

मार्च गेला. मी तुमच्या पत्राची वाट पाहत होते आणि तुमचं पत्र जानेवारीतच येऊन गेलं होतं. मला नाही, सरांना. सरांनी ते मला न दाखवता नियतकालिकाकडे धाडलं होतं. मला ते दिसलं वाचनालयात, नव्या अंकात, शेवटच्या पानाच्या तळाशी. तीनच ओळी. मी मागितल्या तेवढ्याच. तुम्ही शब्दाचे पक्के आहात.

इंग्रजीतून मी स्वतःसाठी मराठीत उतरवून घेतल्या, कारण पहिल्यांदा वाचून विश्वास बसेना. "आमच्या निबंधातील दिशा सात अंश अलीकडे धरावी, आणि त्यामुळे नव्या वाटेचा निष्कर्ष मागे घेण्यात येत आहे. स्फटिकाची दिशा ठरवण्याचे काम कुमारी शकुन परचुरे यांच्याकडे होते. त्यांच्याकडून झालेली चूक आता ध्यानात आली आहे."

निबंधात मी नव्हते. आभारात नव्हते. चूक म्हटल्यावर मात्र मी बरोबर आठवले, तीही कुमारीसकट, आडनावासकट. माझं नाव छापून आलंय, गुरुदत्त. आयुष्यात पहिल्यांदा. मी ते बाबांना दाखवायला घरी घेऊन गेले नाही.

सरांकडे गेले. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, पण चढला. म्हटलं, सर, क्ष-किरणांचे फोटो आहेत, स्फटिक बरोबर होता. तबकडी फिरली होती. टिळा तुम्ही स्वतः पाहिलात. सर खिडकीतून खाली ट्रामकडे बघत बसले. मग म्हणाले, "जे झालं ते झालं. शास्त्राच्या दृष्टीने आकडा आता बरोबर आहे ना? मग आता माझी अडचण राहिली नाही. त्याने जे लिहिलंय तेच तू प्रबंधात एका परिच्छेदात लिही, म्हणजे दोन्हीकडे मेळ बसेल. मी उद्या सही करतो." मी उठले. सर हळूच म्हणाले, "शकुन, बराकपूरचे लोक जूनपर्यंतच थांबणार आहेत." त्यांचा आवाज मऊ होता. त्यांना खरंच माझं भलं करायचं होतं, आणि तेच मला सहन झालं नाही.

घरी बाबांना सांगावंच लागलं. बाबा म्हणाले, "लिहू नकोस. माझ्या पेन्शनीत आपलं दोघांचं भागतंय. न केलेल्या चुकीचं खापर स्वतःच्या हाताने डोक्यावर फोडून घेतलेलं माणूस मी तरी पाहिलं नाही." मग उठून आपल्या नकाशांच्या कपाटापाशी उगीच काहीतरी शोधत राहिले. इतकी वर्षं मुलांना खरं तेच शिकवलेल्या माणसाला मुलीने हे विचारावं, याची मला शरम वाटली.

दोन दिवस मी विचार केला. न लिहिण्यात मोठेपणा होता, ते मला दिसत होतं. पण तो मोठेपणा घेऊन मी काय केलं असतं? शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या असत्या, आणि काकू दर रविवारी येऊन म्हणाल्या असत्या, शकुन किती समजूतदार. मला चुंबकापाशी परत उभं राहायचं आहे. मला मुलींना सुई टांगायला शिकवायचं आहे. तुम्ही माझ्याकडून बाकी सगळं घेतलंत. हेही तुमच्यापायी सोडलं असतं तर मग मीच तुमच्या बाजूची झाले असते.

मी तो परिच्छेद लिहिला. "दिशा ठरवताना लेखिकेकडून चूक झाली होती." सरांनी त्याच दिवशी सही केली आणि मिठाईवाल्याकडून संदेश मागवले. मी एक खाल्ला.

प्रबंध विद्यापीठात गेला. बराकपूरची जागा मला मिळाली आहे. आता तुमच्याकडून काही नको. पत्र नको, माफी तर नकोच, ती तुम्ही काकूंच्या हाती पाठवाल.

एक प्रत सोबत पाठवते आहे. त्यातली सगळी मोजमापं खरी आहेत. जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेत कुणीही करून पाहावीत, सुळका तिथेच येईल. खोटं वाक्य सबंध प्रबंधात एकच आहे आणि ते कोणतं हे तुम्हाला शोधावं लागणार नाही. प्रत फळीवर समोर ठेवा. मंदाकिनीबाईंनी कधी पाठीवरचं नाव वाचून विचारलं, ही शकुन परचुरे कोण, तर आता तुम्हाला अडखळायचं कारण नाही. तुमच्याकडे छापील उत्तर आहे, आणि त्याखाली माझी सहीसुद्धा आहे.

शकुन परचुरे